'इतर' नावाचा रोग नसतो

आमच्या हॉस्पिटलात 'इतर' हा शब्द बाईंच्या कानावर पडायची खोटी, की त्या असतील तिथून उठून यायच्या.

"इतर म्हणजे कोण गं? माझ्यासमोर खुर्चीत बसला होता तो माणूस होता. त्याला नाव आहे, घर आहे, दोन डोळे आहेत. 'इतर' नावाचा रोग नसतो. नीट लिही."

मी तिथं रेकॉर्ड क्लार्क म्हणून लागले ती सत्तरच्या दशकाची सुरुवात होती. एका ट्रस्टचं डोळ्यांचं हॉस्पिटल, सोलापुरात, नवी पेठेपासून चालत जाण्याइतक्या अंतरावर. माझं काम ऐकायला सोपं होतं. पेशंट घरी गेला की त्याचा केसपेपर माझ्या टेबलावर यायचा. डॉक्टरांनी लिहिलेलं निदान वाचायचं, एका जाडजूड इंग्रजी पुस्तकात त्या रोगाला कोणता आकडा दिलाय ते शोधायचं आणि तो कागदाच्या कोपऱ्यात लाल शाईनं लिहायचा. महिना संपला की कोणत्या रोगाचे किती पेशंट आले, याचा तक्ता वरच्या ऑफिसला पाठवायचा. जगात कुठंही जा, त्या रोगाला तोच आकडा, असं मला सांगितलं होतं. मला त्याचं फार अप्रूप वाटायचं. माळशिरसच्या म्हातारीचा मोतीबिंदू आणि लंडनच्या म्हातारीचा मोतीबिंदू एकाच आकड्याखाली शेजारी शेजारी बसलेत, असं काहीतरी मनात यायचं.

पण तक्त्यात रकाने मोजकेच होते. मोतीबिंदू, काचबिंदू, खुपरी, इजा आणि शेवटी इतर. साखरेच्या आजारानं ज्यांचे डोळे आतून बिघडत, ते सगळे त्या शेवटच्या रकान्यात जायचे. माझ्या आधीच्या क्लार्कनं तसं केलं होतं, म्हणून मीही केलं. आणि पहिल्याच महिन्यात बाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

उंच, सावळ्या, चाळिशी ओलांडलेल्या. अंगावर इरकली लुगड्याच्या काठाची आठवण व्हावी अशी रुंद काठाची साडी, कपाळावर विभूतीची पुसट रेघ, आणि अंबाड्यात खोचलेल्या तीन रंगीत पेन्सिली : तांबडी, निळी आणि पिवळी. गावातल्या नव्या माणसाला वाटायचं, ही कुठल्या तरी शाळेतली चित्रकलेची बाई. प्रत्यक्षात त्या आमच्या मोठ्या डॉक्टर. त्यांचं गाव अक्कलकोटकडचं. घरी कानडी, हॉस्पिटलात मराठी, आणि राग आला की दोन्ही एकदम. लग्न केलेलं नव्हतं. एखादी आगाऊ पेशंटबाई कारण विचारायचीच. बाई तिच्या डोळ्यात औषध घालता घालता सांगायच्या, "वेळच्या वेळी ड्रॉप्स घालणारा मिळाला नाही."

शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू विणकरांशी बोलण्यापुरतं तेलुगूही त्यांनी उचललं होतं. "पैकी चूडू, पैकी चूडू," असं त्यांच्या खोलीतून ऐकू यायचं. मी सुरुवातीला समजत होते, बाई दहापैकी किती दिसतंय ते विचारताहेत. 'पैकी चूडू' म्हणजे 'वर बघ', हे कळायला मला बरेच दिवस लागले. बाईंना सांगितलं तर त्या इतक्या हसल्या की तपासणी थांबवावी लागली, आणि समोरचा पेशंट बिचारा वर बघत तसाच बसून राहिला.

तर त्या दिवशी त्या माझ्या टेबलाशी आल्या. माझ्या हातातला लाल पेन त्यांनी काढून घेतला आणि म्हणाल्या, "चल. आधी बघ, मग आकडा लिही."

त्यांच्या अंधाऱ्या खोलीत नरसय्या नावाचे एक विणकर बसले होते. चादरी विणायचे. नक्षीच्या मागावरचा त्यांचा हात पूर्व भागात नावाजलेला होता. शेजारी त्यांची बायको लक्ष्मव्वा, पदर तोंडाशी धरून. नरसय्यांच्या डोळ्यात औषध घालून बाहुली मोठी केलेली होती. बाईंनी डोळ्याच्या आत बघायचं बॅटरीचं छोटं यंत्र माझ्या हातात दिलं, डोळ्याला कसं लावायचं ते दाखवलं आणि माझी मान धरून मला नरसय्यांच्या इतक्या जवळ ढकललं की मी लाजेनं चूर झाले. परक्या पुरुषाचा श्वास माझ्या गालावर येत होता.

"लाजू नको. या उजेडात त्यांना तू दिसत नाहीस," बाई म्हणाल्या.

आधी नुसता केशरी उजेड दिसला. मग एकदम चित्र नीट झालं. मला वाटलं होतं, डोळ्याच्या आत काळोख असेल. तिथं तर सूर्य बुडून गेल्यावरचं आभाळ होतं आणि त्यातून तांबड्या नद्या वाहत होत्या.

"नद्या दिसल्या? आता त्यांच्या कडेनं चाल. तांबडे ठिपके दिसतात?"

"हो."

"ते फुगलेल्या नसांचे. पिवळे कण?"

"मेणाचे थेंब सांडल्यासारखे."

"तेच. आता सांग, याला इतर म्हणायचं?"

मी यंत्र खाली ठेवलं. नरसय्या माझ्याकडे अंदाजानं बघत म्हणाले, "काय हाय की आतमंदी? मला काय दुखत न्हाय बघा."

"दुखत नाही हाच या आजाराचा खोडसाळपणा," बाई म्हणाल्या. "बरं, दिसतं कसं ते परत सांगा. ही लिहून घेईल."

नरसय्या विचार करून बोलले. "माग दिसतो. दोरा पण दिसतो. पण निळा आणि काळा एकच वाटतोय. मी म्हणतो निळा घातला, गिऱ्हाईक म्हणतंय काळा आलाय. आता मी खोटं का ते खोटं?"

बाईंनी मला ते वाक्य जसंच्या तसं लिहायला लावलं. त्यांचा हा दुसरा हट्ट. पेशंटचं म्हणणं त्याच्याच शब्दांत केसपेपरवर आलं पाहिजे. 'दृष्टी मंद' एवढंच लिहिलेला कागद त्या परत पाठवायच्या. त्यामुळं आमच्या कपाटात विलक्षण वाक्यं गोळा झाली होती. "सून दिसते, तिच्या हातातली भाकरी दिसत न्हाय." "उजेडात गेलं की लई धुकं हाय, सावलीत बरं वाटतंय." एका शाळामास्तरांनी सांगितलं होतं, "मुलांचे चेहरे पुसून टाकल्यासारखे वाटतात, आवाजावरून शिक्षा करतो." मी घरी स्वयंपाक करता करता ही वाक्यं मनाशी घोळवायची.

आणि तिसरा हट्ट चित्रांचा. साखरेच्या प्रत्येक पेशंटच्या डोळ्याचं आतलं चित्र बाई कागदावर काढायच्या. वाटी उपडी घालून गोल, मग अंबाड्यातल्या पेन्सिली. नसा निळ्या-तांबड्या, सांडलेलं रक्त तांबडं, मेणाचे थेंब पिवळे. दर खेपेला नवं चित्र. आमच्याकडे तेव्हा या आजारावर उपाय असा नव्हताच. साखर सांभाळा म्हणायचं आणि बघत राहायचं. धाकटे डॉक्टर नुकतेच शिकून आलेले, मनानं चांगले, पण घाईचे. ते एकदा म्हणाले, "मॅडम, आपण काही करू शकत नाही, मग हे रंगवत बसायचं कशाला? बाहेर रांग लागलीय."

बाई पिवळी पेन्सिल फिरवत राहिल्या. "माझ्या आईचे डोळे गेले तेव्हा सगळे म्हणाले, वय झालं. पंचेचाळिशीत. साखर होती तिला. पण डोळ्यात कुणी वाकून बघितलं नाही. काही करता येत नाही म्हणून बघायचंही नाही का?"

वरच्या ऑफिसशी त्यांचं युद्ध तर मी रुजू व्हायच्या आधीपासून चाललं होतं. तक्त्यात 'इतर'च्या वर त्या पट्टीनं एक ओळ आखायच्या आणि लिहायच्या, 'मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्याचा विकार.' तक्ता परत यायचा : नमुन्यात बदल करू नये. बाई पुन्हा ओळ आखायच्या, या वेळी जरा जाड. एकदा तिथले एक साहेब पाहणीला आले आणि चहा घेता घेता म्हणाले, "बाई, एका ओळीनं काय फरक पडतो?" बाई म्हणाल्या, "तुमचं नाव हजेरीतून काढून 'इतर कर्मचारी' लिहू का? पगार निघतो का बघू." साहेबांनी चहा अर्धाच ठेवला. पुढच्या महिन्यात तक्ता काही परत आला नाही. बाई दिवसभर खूश होत्या. शेंगाची चटणी आणि कडक भाकरी खिडकीशी उभ्या उभ्या खात होत्या, आणि वर कुणीतरी घरून आणलेली हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर. गोड त्यांना अतोनात आवडायचं. पेशंटला साखरेवरून झाडायच्या आणि स्वतः वाटी चाटूनपुसून ठेवायच्या. आम्ही हसायचो. तेव्हा हसलो खरे.

नरसय्यांची चित्रं मात्र बिघडत चालली होती. मीसुद्धा आता ती वाचू शकत होते. आधी ठिपके वाढले. मग एका चित्रात नद्यांच्या शेजारी बारीक बारीक नवे फाटे आले, कोळ्याच्या जाळ्यासारखे. बाईंनी ते काढताना पेन्सिलीला दोनदा टोक केलं.

"या नव्या नसा. फार नाजूक. कधी फुटतील सांगता येत नाही."

आणि फुटल्याच. लक्ष्मव्वा एका सकाळी नवऱ्याचा हात धरून घेऊन आली. उजव्या डोळ्यासमोर एकदम काळा पडदा आला होता. माग चालू असताना. नरसय्या दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले होते. लक्ष्मव्वाच बोलत होती. "बाई, एक गेला. दुसरा तरी ठेवा. ह्यांच्या हाताला दुसरं काय येत न्हाय वो."

मुंबईत एका मोठ्या हॉस्पिटलात नवं यंत्र आल्याचं बाईंनी ऐकलं होतं. प्रखर उजेडानं डोळ्याच्या आत डाग देतात, मग नव्या नसा सुकतात, असं काहीतरी. खात्री कुणालाच नव्हती. बाईंनी रजा टाकली, नरसय्यांची सगळी चित्रं कापडात गुंडाळली आणि त्या दोघांना घेऊन रेल्वेत बसल्या.

पुढचं मला लक्ष्मव्वानं सांगितलं. तिथं इतकी गर्दी होती की यांचा नंबर काही महिन्यांनी येईल, असं सांगितलं. बाईंनी हुज्जत घातली नाही. तिथले मुख्य डॉक्टर ज्या व्हरांड्यातून जायचे तिथं त्या खाली बसल्या आणि फरशीवर चित्रं मांडली, एकापुढं एक. ते डॉक्टर आले, चित्रं तुडवली जातील म्हणून थांबले, मग वाकले. पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत बघत गेले. पुन्हा पहिल्याशी आले.

"ही कोणी काढली?"

"मी. सोलापूरची."

"डावा डोळा इतक्या वेगानं चाललाय?"

"म्हणून तर फरशीवर बसलेय," बाई म्हणाल्या.

दुसऱ्याच दिवशी त्यांना आत घेतलं. उजवा डोळा काही परत आला नाही. पण डावा राहिला. नरसय्यांना नक्षीचं बारीक काम पुन्हा जमलं नाही, साध्या मागावर ते बसू लागले. वर्षभरानं एकदा ते तपासायला आले ते एकटे, कुणाचा हात न धरता, पूर्व भागातून चालत. फाटकातून आत येताना बाईंनी त्यांना खिडकीतून बघितलं. लगेच पाठ फिरवून त्या हात धुवायला गेल्या, आणि बराच वेळ धूतच राहिल्या.

त्यानंतर काही वर्षं गेली. मला मुलं झाली, टेबलावर कागदांचा ढीग वाढला. बाई तशाच होत्या, असं मला वाटत होतं.

एक दिवस ऑपरेशन थिएटरमधून त्या मध्येच बाहेर आल्या. शेवटचा टाका त्यांनी धाकट्या डॉक्टरांना घालायला लावला होता, असं सिस्टर नंतर म्हणाल्या. दुपारी त्यांनी धाकट्या डॉक्टरांना सांगितलं, "माझे डोळे बघ." ते दोघं अंधाऱ्या खोलीत गेले. मग बाईंनी मला बोलावलं आणि एक केसपेपर पुढं केला. त्यावर त्यांचं नाव होतं. निदानाच्या जागी धाकट्या डॉक्टरांनी लिहिलं होतं, 'वयोमानानुसार बदल. काळजीचं कारण नाही.'

"याला आकडा दे."

मी कागद उलटसुलट केला. "बाई, यात रोगच लिहिलेला नाही."

"तेच म्हणते मी." त्या धाकट्या डॉक्टरांकडे वळल्या. त्यांचा चेहरा पडला होता. बाईंनी अंबाड्यातल्या पेन्सिली काढून त्यांच्यापुढं ठेवल्या. "काय बघितलंस ते काढ."

"मॅडम, नको ना."

"काढ रे. मी कुणावर ओरडणार नाही."

त्यांनी वाटी उपडी घातली. गोल वाकडा आला. मी शेजारी उभी राहून बघत होते आणि एकेक पिवळा ठिपका बरोबर मधोमध उतरत होता, जिथं माणूस अक्षर वाचतो, सुई ओवतो, चेहरा ओळखतो. काढता काढता त्या तरुण माणसाला रडू फुटलं. बाईंनी चित्र घेतलं, खिडकीशी नेलं, मान जरा तिरकी करून पाहिलं. परक्याचा डोळा बघावा तसं.

"चांगलं काढलंस. मधोमध आलंय, नाही का?"

"हो, मॅडम."

"साखर कधीपासून असेल कुणास ठाऊक. स्वतःची बघायला सवड झाली नाही." मग एकदम कामाच्या आवाजात म्हणाल्या, "आजपासून चाकू तुझ्या हातात. उद्याच्या तीन मोतीबिंदूंना मी सांगते." आणि माझ्याकडे बघून, "तू लिही आकडा."

माझ्यानं पेन उचलवेना. बाई माझ्या शेजारी येऊन बसल्या. त्या इतक्या हळू आवाजात माझ्याशी कधी बोलल्याचं आठवत नाही.

"तू लिहिल्यानं माझा डोळा जात नाही गं. आणि न लिहिल्यानं राहतही नाही. लिही."

मी लिहिला. शाई वाळेपर्यंत त्या तिथंच बसून होत्या.

मुंबईला त्याही जाऊन आल्या. पण मधोमध उतरलेल्यावर तिथल्या उजेडाचाही फार इलाज नव्हता. काही दिवस त्या ओपीडीत नुसत्या ऐकायला बसायच्या, पेशंटशी बोलायच्या. मग एका दुपारी भावाच्या बैलगाडीसारख्या खडखडणाऱ्या जीपमधून अक्कलकोटकडच्या गावी निघून गेल्या. निरोपसमारंभ नको म्हणाल्या होत्या. हार, नारळ काही नाही.

त्या गेल्यावर हॉस्पिटल नीट चाललं. किंबहुना रांगा लवकर संपू लागल्या. पण माझ्या टेबलावरचे कागद मुके झाले. 'दृष्टी मंद.' 'दृष्टी मंद.' 'दृष्टी मंद, दोन्ही.' दुपारी ढीग उपसता उपसता मी कान द्यायची, कुठून तरी 'पैकी चूडू' ऐकू येईल म्हणून. एखादा कागद वाचताना वाटायचं, या पेशंटबाईला काय दिसत नसेल? सुनेचा चेहरा, की चुलीतला जाळ? कुणी विचारलंच नव्हतं. विचारणारं माणूस गेलं की विचारण्यासारखं काही असतं हेही लोक विसरतात. मला ते विसरता येईना. घरी नवरा म्हणायचा, "एवढी आठवण येते तर जाऊन ये की." मी म्हणायची, जाईन. जायला कारण लागतं, असं मला उगाच वाटायचं.

कारण मिळालं ते सत्तरचं दशक संपता संपता. रोगांच्या आकड्यांचं नवं पुस्तक आलं. मी पहिल्यांदा साखरेच्या डोळ्याचं पान काढलं आणि टेबलावरून उठलेच. रविवारी एसटी पकडून बाईंच्या गावी गेले.

भावाचं घर शेताला लागून होतं. बाई अंगणात शेंगा फोडत बसल्या होत्या. बोटांना नजर असल्यासारख्या. मी फाटकाशी थांबले. त्यांनी मान तिरकी केली, मधला काळा ठिपका टाळून कडेनं बघायची सवय त्यांनी लावून घेतली होती.

"यारु? कोण आहे?"

"मी, बाई."

"अय्यो! लाल शाई!" म्हणत त्या उठल्या आणि मला घट्ट धरलं. माझे खांदे, वेणी, चेहरा चाचपला. "जाड झालीस. बरं झालं."

मी त्यांना पुस्तकाचं सांगितलं. आता या आजाराला दोन आकडे आहेत. एक मुळाचा, साखरेचा, त्याच्यापुढं कट्यारीची खूण. दुसरा डोळ्याचा, त्याच्यापुढं चांदणी. दोन्ही मिळून लिहायचं.

"चांदणी? छापलेली?"

"छापलेली."

"सगळ्या जगात?"

"सगळ्या जगात, बाई."

त्यांनी हातातल्या शेंगा खाली ठेवल्या. मग आत भावजयीला कानडीत ओरडून काहीतरी सांगितलं. भावजय हसत चहा घेऊन आली आणि मला म्हणाली, "म्हणतात, आमची ओळ आली."

परतीच्या गाडीच्या वेळी बाई मला सोडायला थांब्यापर्यंत आल्या. वाट त्यांना पाठ होती, मलाच ठेचा लागत होत्या. थांब्यावर दोन गाड्या उभ्या होत्या. मी सोलापूरच्या गाडीत चढले, खिडकीशी बसले. तेवढ्यात पलीकडची गाडी सुरू झाली. बाईंना वाटलं तीच माझी. त्या धुळीत दोन पावलं पुढं गेल्या आणि पूर्ण हात वर करून त्या गाडीकडे हलवू लागल्या. चेहऱ्यावर असं हसू, की त्या गाडीतल्या दोघातिघांनी खिडकीतून उलट हात केला.

मी बसून राहू शकले असते. त्या समाधानानं घरी गेल्या असत्या. पण बाईंना चुकीची नोंद कधी चालली नव्हती. मी खाली उतरले, जाऊन त्यांच्या शेजारी उभी राहिले.

"बाई, ती माझी गाडी नव्हती."

त्यांचा हात हवेतच राहिला. "मग मी कुणाला टाटा केला?"

"कुणास ठाऊक. पण त्यांनी उलट केला."

"किती जणांनी?"

"दोघातिघांनी. एक म्हातारा तर वाकून करत होता."

बाई हसायला लागल्या. मला वाटलं रडतील, पण त्या हसतच राहिल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "मग वाया नाही गेला," म्हणाल्या.

एवढ्यात माझ्या गाडीची घंटी वाजली. कंडक्टर ओरडत होता. बाई या वेळी माझ्याबरोबर चालत गाडीपर्यंत आल्या. मी चढून खिडकीशी बसल्यावर त्यांनी चाचपत खिडकीचा गज शोधला, मग त्यावरचा माझा हात शोधला. ती आमची शेवटची भेट. गाडी हलली तरी त्यांनी हात सोडला नाही. थोडं अंतर त्या गाडीबरोबर चालत आल्या.